विज्ञानपटाचा उत्तरभाग आणि चाहत्यांचा अभिप्राय : 'एंदिरन' ते '२.०'

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग अथवा पुनर्निर्मिती प्रदर्शित झाली की 'पहिल्याची सर नाही' हा अभिप्राय हमखास ऐकू येतो. समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. तो स्मरणरंजनातून उपजलेला आहे व त्यामागे निकष नाही, असे गृहीत धरले जाते. विज्ञानपटाच्या संदर्भात मात्र हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते.

अशा तपासणीस सोलापूरचा प्रेक्षक उपयुक्त आहे. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे घराघरांत नांदतात. शंकर दिग्दर्शित तमिळ 'एंदिरन' (२०१०) हा तेलुगूत 'रोबो' आणि हिंदीत 'रोबोट' या नावांनी आला. पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर समाज आणि शहरातील मराठी भाषक यांना तो आपापल्या भाषेच्या सोयीने पाहता आला. शिवाय नायक रजनीकांत हे मूळचे बंगळुरूच्या मराठी कुटुंबातील शिवाजीराव गायकवाड. त्यांच्यावर हक्क सांगण्यात मराठी माणूसही मागे नसतो, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

'एंदिरन'चे कथासूत्र साधे आहे. डॉ. वसीगरन चिट्टी हा यंत्रमानव घडवतो. आज्ञा आणि विवेक यांतील फरक चिट्टीला कळत नाही, म्हणून मूल्यमापन समिती त्याला नाकारते. पुढे त्याला भावना दिल्या जातात, तो प्रेमात पडतो, नाकारला जातो आणि लाल चिप बसवल्यावर संहारक बनतो. अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने तो स्वतःच स्वतःचे सुटे भाग करतो. यातील प्रत्येक घटना मागील घटनेतून निघते. यंत्राला विचार करता आला तर काय होईल, हा एकच प्रश्न चित्रपट शेवटच्या संग्रहालयातील प्रसंगापर्यंत सोडत नाही. संवादलेखनात सुजाता (रंगराजन) यांचा वाटा होता. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता असलेले हे तमिळ विज्ञानकथाकार चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, २००८ मध्ये निवर्तले.

'२.०' (२०१८) मध्ये भ्रमणध्वनी मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाने पक्षी मरतात, या विचाराने व्यथित झालेला पक्षितज्ज्ञ पक्षिराजन आत्महत्या करतो आणि त्याचे तेजोवलय मृत पक्ष्यांच्या वलयांशी एकरूप होऊन सूड घेते. त्याला आवरण्यासाठी चिट्टीची पुन्हा जोडणी होते. पहिल्या भागात विनाशाचे कारण ठरलेली लाल चिप येथे तारक ठरते. दृश्यचमत्कार भव्य आहेत, याविषयी दुमत नसावे. पण भुताला 'तेजोवलय' म्हटल्याने ते विज्ञान होत नाही. 'पहिल्याची सर नाही' असे म्हणणारा चाहता नेमका येथे अडखळतो. पहिल्या भागाने मान्य केलेला नियम दुसऱ्याने मोडला, हे त्याला जाणवते. ते मांडण्याची परिभाषा मात्र त्याच्यापाशी नसते.

मराठी वाचकाला ही परिभाषा अपरिचित नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेचा कल्पनाविलास वैज्ञानिक तत्त्वाला धरून असावा, असा आग्रह पुढे सातत्याने धरला. या कसोटीवर 'एंदिरन'देखील सर्वत्र उतरत नाही. शेकडो यंत्रमानवांनी एकत्र येऊन रचलेले गोल, भिंती आणि सर्प यांत पदार्थविज्ञान शोधणे व्यर्थ आहे. तेथे चाहता डोळेझाक करतो. म्हणजे त्याचा निकष शुद्ध नाही. प्रिय नायकाला तो सवलत देतो. तरीही ही सवलत सरसकट नसते, अन्यथा '२.०'लाही ती पूर्णपणे मिळाली असती.

याहून गंभीर मर्यादा वेगळी आहे. '२.०'च्या प्रदर्शनापूर्वी भ्रमणध्वनी कंपन्यांच्या संघटनेने, चित्रपट अवैज्ञानिक समज पसरवतो, अशी तक्रार केली होती. तक्रारदाराचे हितसंबंध उघड होते, पण तक्रारीतील मुद्दा निराधार नव्हता. चाहत्यांच्या चर्चेत मात्र तो चिट्टीच्या पुनरागमनाखाली झाकला गेला. पक्षिराजन या पात्रावर सलीम अली यांची छाया आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची शिफारस करणारे सलीम अली सोलापूरकरांना परके नाहीत, कारण शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील नान्नज हा माळढोक अभयारण्याचाच भाग आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात आज माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. गवताळ माळरान नांगराखाली गेले, अधिवास तुटला. अन्यत्र उच्चदाबाच्या वीजतारांना धडकूनही हे पक्षी मरतात. भ्रमणध्वनी मनोऱ्याला खलनायक ठरवणारी कथा या कारणांना स्पर्शही करीत नाही. चिट्टीच्या चिपमधील विसंगती हेरणाऱ्या प्रेक्षकाला ही विसंगती का जाणवली नाही, हा प्रश्न नान्नजच्या माळाजवळ राहणाऱ्याला तरी पडायला हवा होता.