केर्शबाउमचा तबेला व एक रूढ समज

घोड्यांनीं ओढावयाचा लोहमार्ग म्हणजे आगगाडीचा केवळ पूर्वरंग. वाफेचें यंत्र येतांच घोडा निवृत्त झाला, असें वाहतुकीच्या इतिहासांत वारंवार लिहिलें जातें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्याविरुद्ध ऑस्ट्रियांतील केर्शबाउम येथील दगडी तबेल्याची साक्ष आम्ही काढतों.

बुडवाइस व लिंझ या नगरांमधील हा मार्ग मुख्यतः मिठाच्या वाहतुकीसाठीं झाला. लांकडी तुळयांवर लोखंडी पट्ट्या ठोकून तो केलेला होता. केर्शबाउम हें त्याचें सर्वांत उंचावरील ठाणें. चढ चढून आलेले घोडे येथें बदलत. बुडवाइसपासून येथपर्यंतचा भाग गेर्स्टनर यानें १८२८ पर्यंत बांधला. पुढेंमागें वाफेचीं यंत्रें धांवावींत म्हणून त्यानें चढ सौम्य ठेवले; परंतु खर्च वाढला व काम श्योनेरर याजकडे गेलें. त्यानें पैसा वाचविण्यासाठीं दक्षिणेकडे तीव्र चढ व आंखूड वळणें पत्करलीं. १८३२ मध्यें मार्ग पुरा झाला आणि १८७२ पर्यंत त्यावर घोडेच राहिले. म्हणजे दोन मतांच्या सांध्यावर हा तबेला उभा आहे. त्यास तात्पुरता निवारा मानणारांनीं हीं चाळीस वर्षें कोठें घालावयाचीं?

मुंबईचें उदाहरण तर याहून निर्णायक आहे. बोरीबंदर-ठाणें आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली. घोड्यांची ट्राम आली ती ९ मे १८७४ रोजीं, एकवीस वर्षांनंतर! कुलाबा ते पायधुणी धांवणाऱ्या या गाड्यांसाठीं कंपनीच्या पदरीं ९०० घोडे असल्याचें सांगतात. विजेची ट्राम १९०७ सालीं आली. एका व्यभिचारानेंही व्याप्ति भंगते, हा न्यायशास्त्राचा नियम. येथें तर दोन व्यभिचार समोर आहेत. गजबजलेल्या रस्त्यांत धूर ओकणारें यंत्र सोयीचें नव्हतें, आणि रुळांवर घर्षण कमी असल्यानें घोड्यांची जोडी भरलेला डबा ओढूं शके. घोडा टिकला तो मागासपणामुळें नव्हे, हिशोबामुळें.

दोष आपल्या साधनांच्या निवडींतही आहे. सनदा व नकाशे आपण जपतों. दाणावैरण, नालबंदी व सलोतरी यांचे कागद मात्र रद्दींत घालतों. घोड्यांवर चालणाऱ्या धंद्याचा खरा जमाखर्च त्यांतच असतो. केर्शबाउमचें ठाणें संग्रहालय होऊन राहिलें आहे. आमच्या संग्राहकांनीं असा एखादा रुमाल हातीं आल्यास टाकूं नये, इतकीच विनंती.