मदनमहालावर मावळा चालेल का?

जबलपुरात दिवाळीचा किल्ला करायचा तर अडचण मातीची नसते. नर्मदाकाठची काळी माती हवी तेवढी मिळते, आणि वरून अळीव पेरले की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. अडचण असते शिपायांची. मावळे इथल्या बाजारात सहजी मिळत नाहीत. ते नागपूर-पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेत, वर्तमानपत्रात गुंडाळून येतात आणि निम्म्यांचे भाले वाटेतच मोडतात. गवळण मात्र इथलीच. लक्ष्मीपूजनासाठी कुंभार मातीच्या ग्वालिनी विकायला बसतात, त्यातली एक उचलली की झाली हिरकणी!

इथल्या मराठी मंडळाच्या किल्ले स्पर्धेत परीक्षक म्हणून फिरताना मला सजावटीपेक्षा मुलांचे वाद जास्त आवडतात. पुण्याच्या मुलाला सिंहगड डोळ्यांसमोर असतो, बघून केला तरी चालतो. इथे सह्याद्रीच नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट आधी ठरवावी लागते आणि ठरवायची म्हणजे भांडण आलंच. ही कला इथे टिकली ती त्या भांडणांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मापाचंच बघा. मावळा दोन इंचांचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे तेहेतिसाव्या हिश्शाचा. त्या हिशेबाने समुद्रसपाटीपासून 820 मीटर उंच असलेला रायगड अंगणात 25 मीटरचा, आठ मजली इमारतीएवढा करावा लागेल. मग डोंगराला एक माप आणि माणसाला दुसरं, हे मान्य करावंच लागतं. पुतळ्यांच्या ऐतिहासिक लढाया खेळणारे परदेशी हौशी लोकही हेच करतात. त्यांच्याकडे एक पुतळा म्हणजे वीस-पन्नास सैनिक, आणि नियमही बारीक. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, त्यात तोफेपासून सहा इंचांच्या आत आपली निदान चार माणसं असल्याशिवाय तोफ उडत नाही. प्रशियात तर 1824 मध्येच राइसविट्झने सैन्यासाठी लढाईचा खेळ नियमांसह बसवला होता. पुढे नियमांचं जंगल इतकं माजलं, की 1876 मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोपवला.

आमच्या पंचाईती तशाच. एका मुलाने राजगडाच्या बुरुजावर ‘धनुष’ तोफ ठेवली होती. खोडातून कापलेली लांब नळी, बाटलीच्या झाकणांची चाकं, वर गेरूचा हात. काळ चुकला, गुण कापा, असं सहपरीक्षक म्हणाले. पण ही तोफ इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत तयार होते आणि मुलाच्या घरचं माणूस तिथेच कामाला. मी गुण कापले नाहीत, तोफ पायथ्याशी ठेवायला लावली. 1875 मध्ये याच गावच्या लष्करी मेसमध्ये बिलियर्ड्सच्या नियमांत फेरफार करताना स्नूकर जन्मला. तेव्हा एवढी सूट जबलपूरला शोभते.

सगळ्यात अवघड प्रश्न एका मुलीचा. तिने इथला गोंडांचा मदनमहाल केला होता, मोठ्या शिळेवर बसलेला, हुबेहूब. मावळे मात्र हातात धरून उभी. आत ठेवू की बाहेर? गोंडांची राणी दुर्गावती 1564 मध्ये धारातीर्थी पडली, शिवराय जन्मले 1630 मध्ये, म्हणून एकत्र नकोत, हे सोपं उत्तर. पण मराठे इथे आलेच होते. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतला, पुढे नागपूरकर भोसले आले आणि 1817 मध्ये जबलपूर इंग्रजांकडे गेलं. गोंडांच्या राज्यात मराठे पाहुणे म्हणून आले नव्हते, हे आपल्या सभांमध्ये कुणी फारसं बोलत नाही. मुलीने मावळे तटाबाहेर, चढाईच्या पवित्र्यात मांडले. पहिला क्रमांक तिचा.

भाऊबीजेनंतर किल्ले मोडतात, तेही लवंगी आणि गोट्यांनी लढूनच. भिंतीला टेकला तो जखमी, आडवा पडला तो गेला, महाराजांवर नेम धरायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत आणि दरवर्षी थोडे बदलतात.

येत्या दिवाळीला महाराष्ट्रातून येणाऱ्या नातलगांना एक विनंती. चकली-चिवडा इथे होतो. येताना मावळे आणा, आणि सिंहासनावरचे महाराज नकोत, ते घरोघरी आहेत. पायदळ आणा.