स्वीकार कशाचा?

मानसशास्त्रातले शब्द शाळेपर्यंत पोहोचताना बरेच झिजतात. ‘स्वीकार’ हा त्यांपैकीच एक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकापासून विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा तो गाभा आहे. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ ‘जे नशिबी आले ते मुकाट्याने सोसा’ असा लावला जाण्याची भीती आहे.

या पद्धतीत स्वीकारायची असते ती मनात उठलेली भावना, परिस्थिती नव्हे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. जुलै २०२१मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे दगावली. अशा भागातल्या एखाद्या मुलीच्या छातीत पावसाचा जोर वाढताच धडधडू लागले, तर ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने ते थांबत नाही. भीती दाबायला जावे तर ती अधिकच उसळते. ‘मला भीती वाटते आहे’ हे ओळखून, तिच्याशी झटापट न करता अभ्यासाला बसणे किंवा मैत्रिणीकडे जाणे, हा झाला स्वीकार. शाळेची इमारत पूररेषेत असेल, तर ते मात्र स्वीकारायचे नाही. त्याविरुद्ध अर्जच करायचा!

दुसरा प्रश्न पुराव्याचा. त्रास असलेल्या व्यक्तीला जे उपयोगी पडते, ते लस टोचावी तसे सरसकट साऱ्या वर्गाला द्यावे काय? स्वीकाराच्या जवळची गोष्ट म्हणजे सजगता. तिच्या धड्यांची ब्रिटनमधील ८५ शाळांत, आठ हजारांहून अधिक मुलांवर चाचणी झाली. २०२२मध्ये निष्कर्ष आला : नेहमीच्या अध्यापनापेक्षा हे धडे सरस ठरले नाहीत.

शिक्षकांना अधिक विचार करायला लावणारा निष्कर्ष आपल्याच देशातला आहे. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेचा बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांमधला प्रयोग २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीकाराचे धडे नव्हते, शाळेचे वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम होता. खास नेमलेल्या समुपदेशकांनी तो राबवला तेथे मुलांमधील नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला तेथे काही फरक दिसला नाही. यात शिक्षकांना कमी लेखण्याचे कारण नाही. गुण देणाऱ्या, हजेरी घेणाऱ्या आणि वर जनगणनेलाही जाणाऱ्या माणसापुढे मूल मन मोकळे करीत नसावे, असे मला वाटते.

तेव्हा सातारा-सांगलीतल्या एखाद्या शाळेत ‘स्वीकारा’चे दोन दिवसांचे शिबिर ठरत असेल, तर शिबिरानंतर मुलांनी कोणाकडे जायचे, हे आधी विचारावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्या मुलाला तर स्वीकाराचा धडा देऊच नये. पालकांना व डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही सूचनाफलकावर लावून ठेवावा.