धोतर कुठं गेलं? : कथेवर निबंध लिहिताना

पत्रिकेत विषय ‘कथा आणि शोधनिबंध लेखनाचं तंत्र’ असा छापलाय. तंत्राबद्दल मी थोडंच बोलणार. समास किती सोडायचा, संदर्भसूची कशी लावायची, हे शिकायला एक दुपार पुरते. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. ‘प्रस्तुत कथेत लेखकाने ग्रामीण जीवनातील दारिद्र्याचे विदारक चित्रण केले आहे.’ एम. ए.चे निबंध तपासताना हे वाक्य किती वेळा वाचलं याची मोजदाद नाही. आणि कबूल करतो, बरीच वर्षं त्यापुढं मी बरोबरची खूणही करत आलो.

वाक्य चूक नाही, हीच तर अडचण आहे. ते अण्णा भाऊ साठ्यांच्या कथेला चालतं, शंकर पाटलांच्या कथेला चालतं, न वाचलेल्या कथेलाही चालतं.

आता एकच कथा घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालचं. माणदेश काही लांब नाही, आपला सांगोला तालुका त्यातच येतो. त्या पुस्तकातली ‘धर्मा रामोशी’ तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. म्हाताऱ्या धर्माच्या अंगावर धड वस्त्र नाही. निवेदकाच्या घरून त्याला एक धोतर मिळतं. पुढं धर्मा दिसतो तो पूर्वीसारखाच, धोतर अंगावर नाही. मग कळतं की ते त्याच्या लेकीनं नेसलंय.

एवढीच गोष्ट. पण वाचताना मधल्या जागेत तुमच्या मनात काय आलं? सांगोल्याकडच्या एका विद्यार्थिनीनं याच कथेवर निबंध लिहून आणला होता. पहिल्या पानावर ते विदारक चित्रण होतंच. मी विचारलं, ‘धोतर दिसलं नाही तेव्हा तुला काय वाटलं गं?’ ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘विकलं असंल म्हाताऱ्यानं, सर.’ म्हटलं, हे निबंधात कुठंय? तर म्हणते, ‘असलं लिहितेत व्हय, सर?’

लिहितात. खरं तर तेच लिहायचं असतं. धर्माबद्दलचा संशय आपल्या मनात येतो आणि शेवट त्या संशयालाच उघडं पाडतो. म्हणजे ही कथा जितकी घेणाऱ्याच्या गरिबीची, तितकीच देणाऱ्याच्या नजरेची आहे. ‘दिलेल्याचं यानं काय केलं?’ हा हिशेब मागायची सवय आपल्यालाही आहे, घरकाम करणाऱ्या बाईला जुनी साडी देणाऱ्या प्रत्येकाला आहे. हे माझं वाचन झालं. ते तुम्ही खोडू शकता. पण खोडायला तुम्हाला कथेतलं वाक्य दाखवावं लागेल. ‘विदारक चित्रण’ खोडताच येत नाही, म्हणून त्यावर वादही होत नाही.

मग शोधनिबंधात ‘शोध’ कशाचा? इथं सोलापूरकराला एक सोय आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारनं कापड-सुतावर नियंत्रण आणलं. आपलं शहर गिरण्यांचं, जुनी गिरणी तर १८७७ची. या शहरात कापड विणलं जात होतं तेव्हा चाळीस-पन्नास कोसांवरच्या गावात एका धोतराची किंमत काय होती? जुनी वर्तमानपत्रं बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मात्र सापडलेलं कथेवर लादू नका. कथेत आधार मिळाला तर मजकुरात घ्या, नाही तर तळटीपेत ठेवा. मोह फार होतो, मलाही होतो.

वाङ्मयचौर्याचं आता सगळ्यांना भय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे मुलं टक्के मोजत बसतात. पण यंत्र शब्दांची जुळणी बघतं. दुसऱ्याचं मत आपल्या शब्दांत फिरवून लिहिलं तर ते शून्य टक्के दाखवेल, आणि तरी त्या निबंधात तुमचं काहीच नसेल.

त्या मुलीनं निबंध पुन्हा लिहिला. शुद्धलेखन होतं तसंच, म्हणजे वाईट. पण तिसऱ्या पानावर तिनं माझ्याशीच भांडण काढलं होतं. सर देणाऱ्याची नजर म्हणतात, पण शेवटी लेकीकडं सुद्धा आपण त्याच नजरेनं बघतो. बापाचं धोतर नेसून परक्या माणसापुढं उभं राहताना तिला काय वाटलं असंल, याचं काय? मी समासात ‘पुढं लिही’ एवढंच लिहिलं. तिनं आणखी दोन पानं लिहून आणली. तिच्या परवानगीनं ती आज पिशवीतून आणलीत. चहा झाला की वाचून दाखवतो.