खडा, छापी आणि विस्तव

चिलीम हातात घेतली की आधी जाणवतो तो तिचा हलकेपणा. वीतभरसुद्धा लांबी नाही. वरचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे उमललेले, आणि तिथून निमुळती होत होत खाली दोन बोटांच्या बेचक्यात अलगद मावेल इतकी बारीक नळी. ना नक्षी, ना मूठ, ना झाकण. कुंभाराच्या हातून सुटताना जो घाट मिळाला तोच तिचा साज. कोल्हापूरच्या आसपास, कागल, शिरोळ, हातकणंगले या बाजूच्या मळ्यांवर, एके काळी ती कोपरीच्या खिशात नाहीतर कमरेच्या चंचीत असायची. बिडी-सिगारेटने तिला केव्हाच मागे सारले. पुढे शहरात विजेवर वाफ काढणारी यंत्रे आली, त्यांच्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आली. तंबाखूचे विष मी नाकारत नाही, कुणी नाकारू नये. पण ज्या वस्तूने पिढ्यान्‌पिढ्या माणसांची बोटे, ओठ आणि श्वास आपल्या वळणावर आणले, तिच्याकडे एक घडीव वस्तू म्हणून आपण निवांत पाहावे, तिचा एकेक अवयव उजेडात फिरवून पाहावा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

पहिली चिलीम निवडायची म्हणजे आधी कान लागतो. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तशीच नखाने तिच्या कडेवर टिचकी मारायची. आव्यात नीट भाजलेली माती खणखणीत बोलते. कुठे बारीक तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग डोळा. नळी डोळ्याला लावून सूर्याकडे पाहिले तर उजेडाचा गोल ठिपका मधोमध दिसला पाहिजे. तो कडेला सरकला असेल तर भोक तिरके गेले, आणि ओढ कायमची अडणार. मग बोट, आत फिरवून खरखर चाचपणारे. भिंत पातळ असेल तर वस्तू देखणी दिसते पण लवकर तापते. जाड असेल तर बोटे वाचतात पण हाताला जड लागते. तोंड फार पसरट असेल तर भर भराभर जळून जाते. यांतला कुठलाच गुण दुकानदाराला विचारून कळत नाही. आपला श्वास लांब आहे की आखूड, आपण एकट्याने ओढणार की चौघांत, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून दोन पैशांच्या मातीच्या नळीपुढेही गिऱ्हाईक उकिडवे बसून निवड करत राहते, आणि ती निवड करताना आपल्या स्वभावाची थोडी ओळख करून घेते.

आणि एवढे करूनही जे हाती येते ते अपुरेच असते. कुंभार चिलीम देतो, पण तिचा खडा देत नाही.

हा खडा मला सगळ्या जुळणीत सर्वांत मोहक वाटतो. नळी जिथे निमुळती होते तिथे तो आत जाऊन बसतो. तंबाखू खाली घरंगळू द्यायची नाही, पण धुराला वाट द्यायची, असे दुहेरी काम त्याच्याकडे आहे. अगदी वाटोळा, गुळगुळीत खडा दिसायला सुरेख, पण तो भोकात बुचासारखा बसतो आणि श्वास कोंडतो. फार कोनेरी असेल तर बाजूने भुकटी निसटून थेट जिभेवर येते. हवा असतो थोडासा बेढब खडा, ज्याच्या एक-दोन कडा भिंतीला टेकतील आणि उरलेल्या फटींतून हवा सरकेल. तो ओढ्याच्या वाळूत सापडतो, नदीच्या पात्रात सापडतो, नाहीतर खापराचा तुकडा घासून करता येतो. किंमत शून्य, पण एकदा जमला की चिलीम फुटली तरी तो नव्या चिलमीत जातो. चिलमीपेक्षा तिचा खडा दीर्घायुषी असतो, हे लक्षात आले की आपण त्या वस्तूकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतो: मातीची नळी ही बदलता येणारी काया, आणि मालकाची खरी खूण आतल्या त्या न दिसणाऱ्या खड्यात.

खड्याइतकीच वैयक्तिक असते ती छापी. हातभरही नसलेली कापडाची पट्टी, पाण्यात भिजवून, पिळून, चिलमीच्या खालच्या टोकाला गुंडाळायची. नवे कापड चालत नाही, त्यात खळ असते. कित्येकदा धुऊन मऊ पडलेल्या जुन्या धोतराचा तुकडाच पाणी नीट धरतो. कापड किती पिळायचे, यात सगळे मर्म आहे. पाणी जास्त राहिले तर धूर दमतो आणि ओठाशी घोट येतो. कोरडे राहिले तर धूर तसाच तापलेला येऊन घशाला डसतो. वेढा घट्ट बसला की गालफडे आत जाईपर्यंत ओढावे लागते, सैल बसला की हवा बाजूने शिरून झुरका पातळ होतो. आणि या ओल्या कापडाभोवती दोन्ही हातांची बोटे अशी जुळतात की तळव्यांची एक पोकळी तयार होते आणि माणूस ओठ लावतो तो आपल्याच मुठीला. चिलीम चौघांत फिरते, पण प्रत्येक जण पितो आपल्या हातातून. या एका हस्तमुद्रेत स्वच्छता आहे, संकोच आहे, आणि सोबत्याविषयीची अदबही आहे.

खडा आपला, छापी आपली. विस्तव मात्र बहुधा दुसऱ्याचा. चकमक बाळगणारा माणूस गारगोटीवर पोलाद झाडून कापसाच्या वातीत ठिणगी धरी, पण घराजवळ असेल तर विस्तव शेजाऱ्याच्या चुलीतून मागून आणायचा, आणि मळ्यात असेल तर गुऱ्हाळाच्या चुलवाणाकडे वळायचे. उसाची चिपाडे भडकून जळतात आणि लगेच राख होतात. चिलमीला मात्र पाहिजे शेणीचा सावकाश धुमसणारा निखारा. विस्तव मागण्याला आपल्याकडे केवढा अर्थ होता, ते शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेत दिसते. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला पोरे गेली. सणाच्या दिवशी विस्तव देणे अशुभ म्हणून त्याने नकार दिला. मग बंकटलाल या भक्ताने चिलमीवर नुसती काडी धरली आणि ती विस्तवावाचून पेटली. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजया’तली ही कथा घरोघर वाचली जाते. भाविकाला तीत चमत्कार दिसतो. मला शिवाय हेही दिसते की या सगळ्या जुळणीत विस्तव हा एकच भाग असा होता, ज्यासाठी माणसाला माणसाच्या दारी जावे लागे.

या जुळणीचे एक फार जुने आणि फार वैभवशाली उदाहरण आपल्याच मुलखाच्या शेजारी घडले आहे. कोल्हापूर-पन्हाळ्याचा टापू आदिलशाहीत होता त्या काळी, म्हणजे शिवरायांनी १६५९ मध्ये पन्हाळा घेण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी, अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला. इब्राहिम आदिलशहाच्या राजधानीत त्याला तंबाखू दिसली. ती त्याने बरोबर घेतलीच, पण नुसती पाने नेऊन त्याचे समाधान होईना. बादशहापुढे ठेवायचे तर ओढण्याचे साधनही त्या तोलाचे हवे. मग तो एकेक अवयव जमवू लागला. नळी सुमात्रातल्या आचिनची, तीन हात लांब, नीट वाळवून रंगवलेली, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी. ओठाला लावायचा भाग येमेनच्या अकीकाचा, लांबट गोल. पेटवण्याचे पात्र सोन्याचे. आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या नक्षीदार पिशवीत त्याने तंबाखू भरली, आणि तीही अशी की एक पान पेटले की सगळे आपोआप धुमसत जावे. नळी ठेवायला चांदीचे नळकांडे, त्यावर जांभळी मखमल. आणि हे सारे एका चांदीच्या तबकात.

असदबेगाच्या या तबकाकडे आपण जितके पाहावे तितके ते उलगडत जाते. सुमात्राच्या टोकावरची वेताची वा लाकडाची नळी, अरबस्तानच्या टोकावरचा दगड, अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली पाने आणि विजापुरी कारागिरी, अशा चार दिशा एका झुरक्यासाठी एकत्र आल्या आहेत. मळ्यातल्या माणसाचा ओढ्यातला खडा आणि असदबेगाचा येमेनी अकीक यांत किमतीचे अंतर अफाट, पण बोटांमागची वृत्ती एकच: तयार मिळेल ते न घेता आपल्या मनासारखे जुळवून घेण्याची. त्याने स्वतः लिहिलेल्या वर्णनात तंबाखूच्या चवीवर शब्द थोडे आहेत. साधनाच्या घडणीवर मात्र तो रेंगाळतो, आणि म्हणूनच तो मला आपल्या जातकुळीचा रसिक वाटतो. अकबराच्या दरबारात मग वाद झाला. वैद्याने हरकत घेतली, हे आपल्या ग्रंथांत नाही म्हणाला. असदबेगाने उत्तर दिले की प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच होती, चोपचिनीचे औषधसुद्धा. अकबराने त्याच्या समाधानासाठी दोन-तीन झुरके घेतले, पुढे मात्र सवय लावून घेतली नाही. सरदारांनी लावून घेतली. जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर मनाई केली, तोवर ती पसरली होती.

दूर इंग्लंड-अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, विजेवर वाफ काढणाऱ्या त्या यंत्रांतल्या, आपल्या हाताने पुन्हा पुन्हा बांधता येणाऱ्या ॲटोमायझरचे आजचे शौकीन जुळणीच्या नेमक्या याच गोष्टींत गुंततात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. तिथे विस्तवाची जागा घेतली आहे तारेच्या वेटोळ्याने, आणि छापीची जागा कापसाच्या वातीने. कापूस जास्त कोंबला तर वाफ होणारा रस तारेपर्यंत पोचत नाही आणि जळका, कोरडा झुरका घशाला लागतो. कमी भरला तर रस खालून गळतो. हवेचे छिद्र लहान-मोठे करून ओढ आपल्या श्वासाशी जुळवायची. नवख्याला तिथले जाणते सांगतात: एकाच वेटोळ्याचा घे, तार बसवायची जागा ऐसपैस असलेला घे, हवा वरून घेणारा घे म्हणजे गळणार नाही, आणि पेटवण्याआधी तारेचा रोध मोजून पाहा. युरोपात त्याच्या टाकीला २ मिलिलिटरची मर्यादा आहे. भारतात तर तो बनवणे, आणणे, विकणे, त्याची जाहिरात करणे हे सारेच गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो इथे यावा असे मी म्हणत नाही. पण कापूस किती भरावा आणि छापी किती पिळावी, हे दोन्ही प्रश्न त्याच बोटांनी विचारलेले आहेत.

या रसिकतेची किंमत कुणी मोजली, हे कोल्हापूरकराला विसरता येत नाही. निपाणी इथून जवळ. तिथल्या काळ्या रानात शेंडे खुडून जोपासलेल्या तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मरण पावले. वखारींत खकाणा नाकातोंडात घेत पाने कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायांविषयी अनिल अवचटांनी लिहिले आहे. ते वाचल्यावर तंबाखूच्या सुवासाविषयी एक शब्दही सहज लिहिता येत नाही. म्हणून मी चिलमीत काय भरले जाई त्यावर थांबलो नाही.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे मानाने मांडलेले आहेत. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची रोमन वळणाची काशाची मूर्ती आहे. मातीची साधी चिलीमही अशी मांडली जावी, आणि तीही रिकामी नव्हे, तिच्या खड्यासह आणि छापीसह, म्हणजे पाहणाऱ्याला तिची जुळणी कळेल. आपल्या गावच्या घरात, कोनाड्यात किंवा माळ्यावर, आजोबा-पणजोबांची चिलीम अजून पडून असेल तर ती टाकू नका. कापड कुजले असेल तरी राहू द्या, आतला खडा काढू नका, आणि ती कुणाची होती ते नाव-गाव एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा.