चित्रातला मेंदू आणि खिन्न मन

आपल्या घरांतून मनाच्या दुखण्यास दुखणे म्हणून मान मिळत नाही. हाड मोडले तर क्ष-किरणांचे चित्र दाखविता येते. खिन्नतेने अंथरूण धरलेल्या मुलास किंवा सुनेस मात्र ‘आळशी’ हीच पदवी मिळते. म्हणून मेंदूच्या चित्रावरून नैराश्य ओळखता येईल, हे आश्वासन ऐकून कोणासही हायसे वाटावे. ते कितपत टिकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या विषयावरील एक गाजलेला निबंध कॉनर लिस्टन व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. १,१८८ व्यक्तींच्या मेंदूचित्रांवरून नैराश्याचे चार प्रकार पडतात, व त्यांतील एका प्रकारच्या रोग्यांस चुंबकीय उपचार अधिक मानवतो, असा त्यांचा निष्कर्ष. एका नावाखाली अनेक व्याधी नांदत असाव्यात ही शंका जुनीच. तीस मोजमापाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय या निबंधास दिलेच पाहिजे.

परंतु चित्रातले तांबडे-पिवळे ठिपके म्हणजे विचारांची छायाचित्रे नव्हेत. यंत्र टिपते तो रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणाने पडणारा फरक; रंग मागाहून गणिताने भरले जातात. असंख्य मोजमापांतून सोयीची निवडली की योगायोगही नियमासारखा दिसू लागतो. २०१९ साली रिचर्ड डिंगा प्रभृतींनी १८७ व्यक्तींवर तीच रीत पडताळली, तेव्हा त्या प्रकारांस भक्कम आधार सापडला नाही. २०२२ साली ‘जामा सायकायट्री’त आलेल्या १,८०९ व्यक्तींच्या अभ्यासात एकेका मोजमापावरून रोगी व निरोगी ओळखण्याचे यश शेकडा ५४ ते ५६ इतकेच आढळले. नाणे उडविले तरी ५० पदरात पडतातच!

यात संशोधकांस कमीपणा नाही. स्वतःचे निष्कर्ष तपासून घेणे हाच शास्त्राचा धर्म होय. आमचा आक्षेप आहे तो चित्रास साक्षीदार नेमण्याच्या आपल्या घाईवर. चित्रात काही दिसले नाही म्हणून ज्याचे दुःख खोटे ठरेल, त्याची दशा पूर्वीहून वाईट होईल. मेंदूत गाठ वगैरे नाही ना, हे पाहण्यास चित्र उपयोगी. नैराश्याचे निदान मात्र आजही रोग्याशी बोलूनच होते. तेव्हा घरातील कोणी ‘मला आता सोसवत नाही’ असे म्हणाले, तर पुराव्याची वाट न पाहता त्याचे ऐकून घ्यावे व त्यास वैद्याकडे न्यावे, हेच शहाणपणाचे.