मनोरा उभा, संपर्क तुटलेला

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली-मंडणगड भागाची वीज गेली, फोन मुके झाले. अशा वेळी ‘मनोरे मजबूत हवेत’ एवढेच वर्गात सांगून आपण थांबतो. हे अपुरे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो, हे खरे. पण रिपीटरचा, म्हणजे क्षीण संदेश झेलून पुन्हा जोमाने पाठवणाऱ्या यंत्राचा, काठीसारखा अँटेना वाऱ्याला अडवतोच थोडा. तो अनेकदा टिकतो. दगा देतात ते गंजलेले, पाणी शिरलेले केबलचे जोड आणि वीज गेल्यावर उतरणारी बॅटरी. साखळीतला कच्चा दुवा शोधणे, हाच खरा पाठ. विद्यार्थ्यांना विचारावे : मनोरा उभा असूनही गाव एकाकी का पडते?